शाळेच्या यादीतला पेन ड्राइव्ह: कोणता घ्यावा, कसा वापरावा, किती विसंबावे

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये शालेय खरेदीची गर्दी असते. वह्या, कंपास, डबा, रेनकोट यांच्या जोडीला अलीकडे काही शाळांच्या यादीत आणखी एक ओळ दिसते: ‘पेन ड्राइव्ह, १ नग’. वहीच्या बाबतीत तीच यादी किती पानी, एकेरी की दुरेघी की चौकटी, हे सगळे नीट सांगते. पेन ड्राइव्हच्या बाबतीत मात्र तो किती क्षमतेचा हवा, कशासाठी हवा आणि कोणत्या यंत्राला जोडायचा आहे, यातले काहीच बहुधा लिहिलेले नसते. मग पालक दुकानदाराच्या सल्ल्यावर जातात आणि गरजेपेक्षा मोठा, किंवा त्याहून वाईट म्हणजे बनावट, पेन ड्राइव्ह घेऊन घरी येतात.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. पेन ड्राइव्ह हे फायलींची ने-आण करण्याचे उत्तम साधन आहे, पण त्यांचे कायमचे घर होण्याच्या लायकीचे नाही. असे का, हे समजण्यासाठी त्याच्या आत डोकवावे लागेल.

## आत नेमके काय असते?

आवरण काढले तर आत बोटाच्या पेराएवढी सर्किटची पट्टी दिसते. तिचे काम करणारे भाग दोन. पहिला फ्लॅश मेमरी, म्हणजे वीज बंद झाल्यावरही माहिती धरून ठेवणारी चिप. आणि दुसरा कंट्रोलर, म्हणजे कोणती माहिती चिपमध्ये कुठे लिहायची, कुठून वाचायची याचा हिशेब ठेवणारा छोटा संगणक.

जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश मेमरी विकसित केली, आणि आज पेन ड्राइव्हपासून मोबाइलपर्यंत सर्वत्र वापरला जाणारा तिचा ‘नँड’ हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला विजेला अडवणारे अतिपातळ वेष्टण असते. माहिती लिहिताना जास्त विद्युतदाब देऊन इलेक्ट्रॉन त्या वेष्टणातून आत ढकलले जातात, आणि दाब काढला की ते तिथेच अडकून राहतात. कोणत्या कप्प्यात किती इलेक्ट्रॉन अडकले आहेत, यावरून माहिती परत वाचली जाते.

यातली अडचण शाळेच्या पाटीवरून समजेल. पाटीवरचा एखादा शब्द चुकला तर आपण तेवढाच बोटाने पुसतो. फ्लॅशची पाटी अशी आहे की तिच्यावरचा एक शब्द बदलायचा असेल तरी अख्खी पाटी पुसावी लागते, आणि प्रत्येक पुसण्यागणिक ती थोडी झिजते. म्हणून कंट्रोलर बदललेला मजकूर दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहितो, जुनी पाटी सवडीने पुसतो, सगळ्या पाट्या सारख्याच झिजतील असे पाहतो, आणि कोणता मजकूर सध्या कोणत्या पाटीवर आहे याची नोंद सतत बदलत ठेवतो.

एका कप्प्यात माहितीचा एकच कण ठेवणारी महागडी चिप सुमारे एक लाख वेळा पुसता येते. स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये मात्र एका कप्प्यात तीन कण कोंबलेले असतात आणि तिथे ही संख्या साधारण एक ते तीन हजारांवर येते. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण आठवड्यातून दोनदा प्रकल्प नेणारा विद्यार्थी त्या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही. खरा धोका नोंदीत आहे. कंट्रोलर नोंद बदलत असतानाच पेन ड्राइव्ह उपटला, तर नोंद अर्धवट राहते, आणि मजकूर चिपमध्ये शाबूत असूनही तो कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

पेन ड्राइव्ह काढण्याआधी संगणकाला ‘सेफली रिमूव्ह’ ही सूचना द्यावी, हा आग्रह त्यासाठीच असतो. विंडोजच्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत फाइल लगेच लिहिली जावी अशी मांडणी मुळातच केलेली असल्याने आता त्याची गरज उरली नाही, असे बरेच जण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत विंडोजऐवजी लिनक्स प्रणालीवर चालणारे संगणक असतील तर ‘कॉपी झाले’ असे पडद्यावर दिसल्यानंतरही काही मजकूर संगणकाच्या स्मृतीतच थांबलेला असू शकतो, आणि विंडोजवरही लिहिणे चालू असताना उपटणे वाईटच. तास संपल्याची घंटा झाली तरी ते चार सेकंद मुलाने द्यावेत.

याच कारणाने पेन ड्राइव्हमधली फाइल थेट तिथेच उघडून तासभर त्यावर काम करू नये. ती आधी संगणकावर उतरवावी, काम पूर्ण करावे, परत पेन ड्राइव्हवर न्यावी आणि शाळेच्या संगणकावरची प्रत पुसावी.

## किती जीबीचा घ्यावा?

जीबी म्हणजे ढोबळमानाने शंभर कोटी अक्षरांची जागा, आणि एमबी म्हणजे तिचा हजारावा भाग. २००० साली पहिले पेन ड्राइव्ह बाजारात आले तेव्हा आठ एमबीची क्षमता मोठी वाटत असे, कारण त्याआधी सगळे जण १.४४ एमबीची फ्लॉपी घेऊन फिरत होते.

आता विद्यार्थ्याची गरज पाहू. चित्रे नसलेला वीस पानांचा निबंध एक एमबीतही मावतो. पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेला बारावीचा प्रोग्राम त्याहून कितीतरी लहान असतो. छायाचित्रे घातलेले सादरीकरण दहा ते पन्नास एमबीचे होते. बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येणारी वर्षभराची सगळी पाठ्यपुस्तके घेतली, तरी एकदोन जीबीपेक्षा जास्त जागा लागणे कठीण आहे. जागा खातो तो व्हिडिओ: मोबाइलवर नेहमीच्या दर्जाने केलेले चित्रण मिनिटाला साधारण साठ ते एकशेतीस एमबी घेते. विज्ञान प्रदर्शनासाठी दहा मिनिटांचे चित्रण केले तरी ते दीड जीबीच्या आत राहते.

थोडक्यात, ३२ जीबी पुरेसे आहे आणि ६४ जीबी ऐसपैस. ‘मोठा घेतला तर दहावीपर्यंत पुरेल’ हा युक्तिवाद वहीला लागू पडतो, पेन ड्राइव्हला नाही, कारण तो भरण्याआधी हरवतो किंवा त्याचे तोंड वाकते, आणि जितका मोठा तितके त्यात एकवटलेले नुकसान मोठे.

३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घरी आणून लावल्यावर विंडोज त्याची क्षमता २९.८ किंवा त्याहून थोडी कमी दाखवते, तेव्हा ती फसवणूक नसते. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट (बाइट म्हणजे ढोबळमानाने एका अक्षराची जागा) धरतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. मोजमाप वेगळे, माल तोच.

क्षमतेपेक्षा मी दोन गोष्टींना जास्त महत्त्व देईन. पहिली तोंडाची. ज्या घरात संगणक नाही आणि आईचा किंवा बाबांचा मोबाइल हेच एकमेव साधन आहे, तिथे एका टोकाला नेहमीचे यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला सी-टाइप असलेला पेन ड्राइव्ह घ्यावा, म्हणजे मोबाइलवर केलेले काम थेट त्यात घालता येते. दुसरी वेगाची. यूएसबी २.० चे स्वस्त पेन ड्राइव्ह लिहिताना सेकंदाला पाच-दहा एमबीच्या पुढे क्वचितच जातात, त्यामुळे एक जीबीची फाइल चढायला दोन-तीन मिनिटे लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, रांगेत उभ्या मुलांच्या दृष्टीने, ही दोन मिनिटे फार असतात. यूएसबी ३ चा घेतला तर बहुधा फरक जाणवतो.

## दोन-तीनशे रुपयांत एक टीबी मिळतो, तो का नको?

कारण तो एक टीबीचा नसतो. एक टीबी म्हणजे हजार जीबी, आणि नामांकित कंपनीच्या तेवढ्या क्षमतेच्या पेन ड्राइव्हला हजारो रुपये मोजावे लागतात.

बनावट पेन ड्राइव्हमध्ये चिप आठ किंवा सोळा जीबीचीच असते, पण कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणकाने ‘तुझी क्षमता किती?’ असे विचारले की तो ‘एक टीबी’ असे उत्तर देतो, आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. पहिल्या आठ जीबीपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर येणारा मजकूर तो सरळ टाकून देतो किंवा जुन्या मजकुरावरच लिहितो. फायलींची नावे दिसतात, आकार दिसतात, पण उघडायला गेले की त्या उघडत नाहीत. ही फसवणूक लगेच कळत नाही हा तिचा सर्वांत वाईट भाग आहे. जूनमध्ये घेतलेल्या पेन ड्राइव्हचे खोटे डिसेंबरच्या प्रकल्पाच्या वेळी उघडे पडते आणि तोपर्यंत पावतीही सापडत नाही.

तपासण्याचा मार्ग सोपा आहे. घरी आणल्याबरोबर, त्यात काहीही महत्त्वाचे ठेवण्याआधी, तो मोठ्या व्हिडिओंनी पूर्ण भरावा, काढून पुन्हा लावावा आणि सगळ्या फायली, विशेषतः शेवटच्या, उघडून पाहाव्यात. एच२टेस्टडब्ल्यू आणि एफ३ ही मोफत साधने हेच काम आपोआप करतात. फुटपाथवरच्या टोपलीतून आणि अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडून पेन ड्राइव्ह घेऊ नये. पक्की पावती आणि वॉरंटी देणाऱ्या दुकानातूनच घ्यावा.

## जागा आहे, तरी फाइल जात का नाही?

वीस जीबी मोकळे दिसत असताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा इंग्रजी संदेश येतो, तेव्हा पालक आणि मूल दोघेही गोंधळतात. याचे उत्तर फॉरमॅटमध्ये आहे. फॉरमॅट म्हणजे पेन ड्राइव्हवर फायलींची यादी मांडण्याची पद्धत. ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह बहुधा ‘फॅट३२’ या जुन्या पद्धतीने मांडलेले असतात, आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. ‘एक्सफॅट’ ही मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली पद्धत ही अडचण दूर करते, पण वर्गातला जुना स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर ती ओळखेलच असे नाही. विद्यार्थ्याला चार जीबीची एकच फाइल क्वचित लागते, म्हणून शाळेत चालणारा फॅट३२च ठेवावा. फॉरमॅट बदलताना आतले सगळे जाते, हे मात्र विसरू नये.

## झेरॉक्सच्या दुकानातून येणारा पाहुणा

शाळेचा पेन ड्राइव्ह शाळेपेक्षाही जास्त वेळा जातो तो झेरॉक्सच्या दुकानात. “काका, यातल्या दोन रंगीत प्रिंट द्या ना,” असे म्हणून मूल तो काउंटरवर ठेवते, आणि दिवसभरात शेकडो पेन ड्राइव्ह लागलेल्या संगणकाला तो जोडला जातो. त्या संगणकावर विषाणू, म्हणजे स्वतःची नक्कल करत पसरणारा घातक प्रोग्राम, असेल तर तो सोबत घरी येतो.

पूर्वी विंडोज पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपणहून सुरू होऊ देत असे. २००८ मध्ये पसरू लागलेल्या कॉन्फिकर या विषाणूने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सोय जुन्या आवृत्त्यांवरही बंद केली. तेव्हापासून विषाणूला बहुधा माणसाच्या हातून क्लिक लागते आणि ती मिळवण्यासाठी तो सोंग घेतो. त्याचे आपल्याकडे नेहमी दिसणारे रूप म्हणजे शॉर्टकटचा विषाणू. पेन ड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण दिसतो आणि प्रत्येकाचा आकार फक्त एक-दोन केबी (केबी म्हणजे एमबीचा हजारावा भाग) असतो. मूल घाबरून त्यावर क्लिक करते आणि त्या क्षणी विषाणू त्याही संगणकात शिरतो.

अशा वेळी हे जाणून घ्यावे की खऱ्या फायली बहुतेक वेळा तिथेच असतात. विषाणूने त्यांच्यावर ‘लपवलेली’ अशी खूण केलेली असते. बाणाच्या चित्राला हात न लावता, अद्ययावत अँटिव्हायरसने तपासणी करून घ्यावी, नंतर विंडोजच्या ‘व्ह्यू’ या भागात लपवलेल्या फायली दाखवण्याची सोय सुरू करून त्या दुसरीकडे घ्याव्यात आणि मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. रस्त्यात किंवा बाकाखाली सापडलेला पेन ड्राइव्ह कुतूहलापोटीसुद्धा लावू नये, हेही मुलांना सांगायला हवे.

त्याच काउंटरवर दुसरी एक जोखीम असते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दहावीनंतर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या दिवसांत आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका हे सगळे स्कॅन करून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवले जाते. प्रिंट काढताना दुकानदार सोयीसाठी फाइल आपल्या डेस्कटॉपवर घेतो आणि ती तिथेच राहते. म्हणून दाखल्यांचा पेन ड्राइव्ह आणि शाळेचा पेन ड्राइव्ह वेगळे असावेत, प्रिंट झाल्यावर संगणकावरची प्रत आपल्यासमोर पुसायला सांगावी, आणि चालणार असेल तिथे आधारचे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे रूप द्यावे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येते. हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये दप्तरातून पडलेला पेन ड्राइव्ह कोणाच्या हाती लागेल हे आपल्याला ठरवता येत नाही, पण त्यात काय असेल हे ठरवता येते.

## गूगल ड्राइव्ह असताना हे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘दोन्ही हवे’ असे आहे. ‘क्लाउड’ म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक, ज्यांपर्यंत आपण इंटरनेटने पोहोचतो. अशा संगणकांच्या प्रचंड इमारती, म्हणजे डेटा सेंटर, नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठ्या संख्येने उभ्या आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्याने रोज जाणाऱ्यांच्या त्या नजरेसमोर असतात. तिथे माहितीच्या अनेक प्रती ठेवल्या जातात, वीज आणि थंडाव्याची पर्यायी सोय असते, त्यामुळे साठवणुकीसाठी क्लाउड पेन ड्राइव्हपेक्षा कितीतरी भरवशाचा आहे. गूगल खात्यासोबत १५ जीबी मोफत मिळतात, पण त्यातच ईमेल आणि फोटोही बसतात.

अडचण साठवण्याची नाही, शाळेत उघडण्याची आहे. तेरा वर्षांखालील मुलाला स्वतःहून गूगल खाते उघडता येत नाही. पालकांच्या देखरेखीचे खाते लागते. त्याहून मोठ्या मुलाचे खाते असले तरी शाळेच्या अनोळखी संगणकावर ते उघडताना खात्री करण्याचा संदेश जातो तो आईच्या मोबाइलवर. आई त्या वेळी महाप्याच्या कार्यालयात बैठकीत आणि मुलाला शाळेत मोबाइल नेण्याची परवानगी नाही. काम तिथेच थांबते. खाते उघडले तर ते बंद करायला मूल विसरते आणि पुढच्या तासिकेच्या मुलाला घरची सगळी छायाचित्रे दिसतात. त्यात चाळीस मुलांनी एकाच वेळी फायली उतरवायला घेतल्या की शाळेचे इंटरनेट रेंगाळते. या ठिकाणी पेन ड्राइव्हला अजून तोड नाही.

म्हणून एक प्रत घरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर, एक क्लाउडवर, आणि एक पेन ड्राइव्हवर. ईमेलने स्वतःलाच फाइल पाठवून ठेवणे हीदेखील चालण्याजोगी दुसरी प्रत आहे.

## शाळांकडूनही काही अपेक्षा आहेत

सीबीएसईच्या माहिती तंत्रज्ञानासारख्या विषयांत किंवा राज्य मंडळाच्या बारावीच्या संगणकाच्या विषयांत प्रत्यक्ष काम जमा करावे लागते, त्यामुळे वरच्या वर्गांत पेन ड्राइव्ह मागणे समजू शकते. तिसरी-चौथीच्या यादीत त्याचे काय काम, हे मला पटत नाही. मागायचा असेल तर यादीत क्षमता, फॉरमॅट आणि तो आठवड्यातून किती वेळा लागेल हे लिहावे. प्रयोगशाळेत एक संगणक फक्त पेन ड्राइव्ह तपासण्यासाठी राखावा, आणि तिथे तपासल्याशिवाय कोणाचाही, शिक्षकांचाही, पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावू नये. ज्या पालकांना तो घेणे परवडत नाही, त्यांच्या मुलांसाठी शाळेने चार-पाच पेन ड्राइव्ह स्वतःचे ठेवावेत. तो आणला नाही म्हणून प्रकल्पाचे गुण कापणे मला सर्वथा अन्यायाचे वाटते.

## भिजला, बंद पडला, फाइल पुसली गेली तर?

पावसात दप्तर भिजले आणि सोबत पेन ड्राइव्हही भिजला, तर तो लगेच लावून पाहण्याचा मोह टाळावा. त्यात हलणारा भाग नसल्याने नुसत्या पाण्याने माहिती जात नाही. ओल असताना वीज दिली तर मात्र सर्किट जळू शकते. झाकण काढून तो दोन दिवस हवेशीर जागी, उन्हापासून दूर वाळवावा.

फाइल चुकून पुसली गेली असेल तर त्या पेन ड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये. पुसताना संगणक यादीतली नोंद काढतो आणि ती जागा मोकळी समजतो. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा तसाच राहतो, आणि फोटोरेकसारखे मोफत साधन तो शोधून काढू शकते. हेच दुसऱ्या बाजूनेही खरे आहे: आधारची स्कॅन केलेली प्रत पुसून पेन ड्राइव्ह मित्राला दिला, तरी ती प्रत त्यात शिल्लक असू शकते, त्यामुळे देण्याआधी पेन ड्राइव्ह एकदा बिनमहत्त्वाच्या व्हिडिओंनी पूर्ण भरून मग फॉरमॅट करावा.

पेन ड्राइव्ह लावल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करायचा का?’ असे विचारू लागली, तर आतली फायलींची यादी बिघडली आहे असे समजावे आणि ‘नाही’ म्हणावे. फायलींची दुसरी प्रत असेल तर नंतर निर्धास्तपणे फॉरमॅट करता येईल. ती नसेल तर शोध घेणारे साधन आधी चालवावे आणि सापडलेल्या फायली त्याच पेन ड्राइव्हवर न ठेवता संगणकाच्या डिस्कवर उतरवाव्यात, कारण त्याच पेन ड्राइव्हवर लिहिल्यास अजून न सापडलेल्या फायलींची जागा भरली जाते.